मधाआधी साखर

महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ हा मान मिळाला. गावोगावच्या बायकांना मधपालन शिकवायचे, तर या डोंगरातला अनुभव पाहावा. सातेरी माशी पेटीत नांदते. पोळे पिळून पिल्ले मारायची गरज नाही. यंत्रात चौकट फिरवली की मध सुटतो, पोळे शाबूत. डंखाची भीतीही चार दिवसांत जाते म्हणा! उन्हाळ्यात जांभूळ फुलते, हाती पैसा येतो. परीक्षा पावसाळ्यात. बाहेर धो धो पाऊस, माशी उपाशी. साखरेचा पाक ठेवला नाही, तर अख्खी वसाहत पेटी सोडून जाते. चहाची साखरही मोजून वापरणाऱ्या बाईने ती आणायची कुठून? म्हणून शिकवणाऱ्याने पेटीबरोबर हाही हिशेब तिच्या वहीत मांडावा: उन्हाळ्यातल्या मधाचे पैसे आले, की पावसाळ्याची साखर आधी, बाकीची उधारी मागून.