शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करतात, हे घरोघर ठाऊक आहे. आज आम्हांला जो विषय मांडावयाचा आहे, त्याचे मर्म या म्हणीत आले आहे. प्रश्न असा : पुढील पंचवीस वर्षे एखाद्या राज्याला वीज पुरवावयाची, तर कोणती केंद्रे, केव्हा आणि किती उभारली म्हणजे एकंदर खर्च सर्वांत कमी येईल?

याचे उत्तर आज संगणकावरील गणिती प्रतिमाने देतात. त्यांपैकी बहुतेकांची बैठक रेषीय नियोजनाच्या गणितावर आहे. ते सोडविण्याची प्रसिद्ध रीत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली मांडली. परंतु रीत हाती असली तरी पसारा आवरत नाही. वर्षाचे तास ८,७६०; पंचवीस वर्षांचे २,१९,०००. प्रत्येक तासाला प्रत्येक केंद्राने किती वीज द्यावी, हा निराळा प्रश्न. त्यातच कोणता संच चालू आणि कोणता बंद, एवढेच विचारले, तरी वीस संचांसाठी एकाच तासाचे १०,४८,५७६ पर्याय निघतात!

म्हणून शिते निवडावी लागतात. पाच वर्षांतून एक वर्ष घ्यावयाचे, आणि त्या वर्षाचे नमुन्याचे बारा दिवस. मग १,४४० तासांत काम भागते. सारखे संच एकत्र धरले, की पसारा आणखी आटोपतो.

परंतु शितावरची परीक्षा खरी ठरते ती भात सगळीकडे सारखा शिजत असेल तरच. सूर्यापासून मिळणारी वीज दिवसाच्या सरासरीने मांडली, तर कागदावर मध्यरात्रीही ऊन पडते. मग दिवेलागणीच्या वेळेची तरतूद करण्याचे कारणच उरत नाही.

पाण्याची गोष्ट याहून नाजूक. आपल्या कोयनेचेच पाहा. वीजकेंद्रांची क्षमता १,९६० मेगावॉट. पण पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७६ च्या निवाड्यात वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. जानेवारीत जास्त सोडलेले पाणी मे महिन्यात उणे पडणार. पण बारा सुटे दिवस एकमेकांस ओळखत नाहीत. प्रत्येकाला धरण आपलेच वाटते. यावर उपाय असा, की दिवस निवडक घ्यावेत, पण धरणाची जमाखर्चवही मात्र वर्षभर सलग ठेवावी.

दुसरी खबरदारी पडताळ्याची. लहान गणिताने सुचविलेली केंद्रे पूर्ण ८,७६० तासांवर चालवून पाहावीत. ज्या दिवशी आभाळ भरलेले, वारा पडलेला आणि मागणी मोठी, त्या दिवशी तूट दिसली, तर तो दिवस नमुन्यात घालून गणित पुन्हा मांडावे.

मग सगळेच बारकावे का घेऊ नयेत, असे कोणी विचारील. वीस वर्षांनंतरचा कोळशाचा भाव जेथे अंदाजानेच धरावयाचा, तेथे तासातासाचा हिशेब अचूक असून काय उपयोग? एकदाच सुटणाऱ्या अवाढव्य गणितापेक्षा, निरनिराळे भाव धरून शंभर वेळा सोडविता येणारे आटोपशीर गणित अधिक शहाणपण शिकविते.

हा केवळ तज्ज्ञांचा विषय आहे, असे आम्हांला वाटत नाही. औष्णिक केंद्र एकदा उभे राहिले, की पुढे पंचवीस-तीस वर्षे त्याचा खर्च आपल्या वीजबिलात येत राहतो. म्हणून एखादी योजना 'सर्वांत स्वस्त' म्हणून पुढे आली, तर नागरिकाने इतके तरी विचारावे : हिशेबात कोणते दिवस धरले, आणि कोणते वगळले?