बाळगलेला साप : दंश व संसर्ग यांचा धोका

मनमाडच्या आसपासचा मुलूख कोरडा आणि उघडा आहे. अंकाई-टंकाईच्या पायथ्याची खडकाळ माळराने, विहिरींची दगडी बांधकामे, कांद्याच्या चाळी, खळ्यावरील मक्याच्या राशी आणि अन्न महामंडळाची विस्तीर्ण धान्यकोठारे असा हा परिसर होय. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे साप, हा क्रम येथे सहज दृष्टीस पडतो. पावसाचे पाणी बिळांत शिरले म्हणजे साप गोठ्यात, सरपणात व चाळीत आश्रयास येतात. पूर्वी असा साप दिसताच काठी उचलली जाई. आता कित्येक गावांतील तरुण तो जिवंत पकडतात, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु पकडलेला साप लगेच वनविभागाच्या स्वाधीन न करता बरणीत, डब्यात वा मडक्यात ठेवावयाचा, चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखवावयाचा आणि हातात धरून छायाचित्रे काढावयाची, ही जी सवय त्याच्या मागोमाग आली आहे ती मात्र घातक आहे.

साप बाळगण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीपूर्वी नाग पकडून मडक्यांत ठेवण्याची व सणाच्या दिवशी त्यांची मिरवणूक काढण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यास अनुसरून झालेले मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांच्या या मिरवणुकीवर बंदी आली. नाग, घोणस, धामण, अजगर यांसारखे साप पकडणे, बाळगणे किंवा मारणे हा या अधिनियमान्वये गुन्हा आहे. शिराळ्यातील माणसे निदान नाग ओळखून पकडीत असत. ज्या घरात साप बरणीत ठेवला जातो, तेथे बहुधा तो कोणता आहे हेच निश्चित ठाऊक नसते, आणि खरा धोका येथूनच सुरू होतो.

कवड्या हा बिनविषारी साप व मण्यार हा अत्यंत विषारी साप दिसावयास इतके सारखे असतात की, घाईत पाहणारा हमखास फसतो. कवड्याच्या अंगावरील पट्टे मानेजवळ ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात. ते पुढच्या भागात अस्पष्ट व मागे ठळक दिसतात. डुरक्या घोणस या निरुपद्रवी सापाची घोणशीशी अशीच गल्लत होते. घोणशीचे पिल्लू अजगराचे समजून उचलल्यास ते चावते, आणि पिल्लाच्या दातांतही विष असतेच. म्हणून खुणा पाठ करून साप हाताळण्यापेक्षा तो न हाताळणे हेच शहाणपणाचे होय.

आता साप खरोखरच बिनविषारी आहे असे धरून चालू. धामण शेतकऱ्याची मोठी मित्र आहे. परंतु ती शांत असते ही समजूत खरी नव्हे. पकडलेली धामण जोराने व पुनःपुन्हा चावते. तिचे दात बारीक व मागे वळलेले असल्याने हात झटकून ओढला की कातडी फाटते, आणि कधी दाताचा तुकडा जखमेतच राहतो. साप उंदीर सगळाच गिळतो, त्यामुळे उंदराच्या अंगावरील व विष्ठेतील जंतूही त्याच्या तोंडात येतात. डब्यात कोंडलेल्या सापाची स्थिती आणखी वाईट असते. तो जाळीवर व काचेवर तोंड आपटतो, ओठांस जखमा होतात व त्यांत पू धरतो. अशा तोंडाचा चावा स्वच्छ कसा असणार? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेभोवती लाली, ऊन लागणे, ठणका, पू किंवा ताप ही लक्षणे दिसू लागल्यास जंतुसंसर्ग झाला आहे असे समजून वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जावे. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणाने माखलेल्या जागी असतात. गोठ्यात झालेल्या खोल जखमेत त्यांचा शिरकाव होतो. यास्तव बिनविषारी सापाच्या चाव्यानंतरही धनुर्वाताची लस आवश्यक आहे किंवा कसे, हे डॉक्टरांस विचारावेच. हळद, चुना, राख किंवा डिझेल जखमेवर लावल्याने घाण मात्र आत जाते.

गारुड्याकडील दात काढलेला नागही सुरक्षित नसतो. सापाच्या विषदंतामागे राखीव दात असतात व काही काळाने ते पुढे येतात. दात उपटलेल्या जागी तोंड सडते, साप खाणे सोडतो व मरतो. तोवर दंशाचे भय आहेच. नागाच्या विषाने दंशाभोवतीचे मांस मृत होते, आणि त्या मृत मांसात जंतूंची वाढ झपाट्याने होते. अशा रुग्णास प्रतिविषाबरोबर जखमेचीही दीर्घ शुश्रूषा लागते.

चाव्याशिवाय होणारा एक रोगप्रसार आहे व तो फारसा कोणास ठाऊक नाही. साप, कासव, पाल अशा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असतात. प्राणी स्वतः धडधाकट दिसतो, परंतु त्याच्या विष्ठेवाटे हे जंतू बरणीत, पाण्यात व त्याच्या अंगावरही पसरतात. साप हाताळून तसेच भाकरीस हात लावल्याने ताप, पोटात मुरडा व जुलाब होतात. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांना हा आजार जड जातो. अमेरिकेत मुलांना असे आजार होऊ लागल्यामुळे चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ साली बंदी घालावी लागली. शहरांतून हौसेने पाळल्या जाणाऱ्या परदेशी सापांनाही हीच गोष्ट लागू आहे. सापाला किंवा त्याच्या डब्याला हात लागल्यास साबणाने हात धुवावेत आणि तो डबा स्वयंपाकघरात वा माठाजवळ कधीही नेऊ नये.

दंश झालाच, तर सापाच्या जातीविषयी वाद घालीत बसू नये. रुग्णास धीर द्यावा, अंगठी, बांगड्या व जोडवी काढावीत, चावलेला अवयव फळी बांधून स्थिर ठेवावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने मनमाड वा नांदगाव येथील शासकीय रुग्णालय गाठावे. घट्ट आवळपट्टी बांधणे, चीर देणे, रक्त चोखणे हे प्रकार सर्वथा वर्ज्य समजावेत. साप ओळखू आला नसेल तर जखम चोळू नये. ती रुग्णालयातच स्वच्छ होईल. ओळखीसाठी साप मारून वा पकडून नेण्याचे कारण नाही. रुग्णालयात थोडे रक्त कोरड्या काचनळीत वीस मिनिटे न हलविता ठेवून ते गोठते की नाही हे पाहतात, पापण्या जड झाल्या आहेत काय, श्वास नीट चालतो काय हे तपासतात व त्यावरून उपचार ठरवितात. भारतात वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्याही विषावर चालते. मण्यारीच्या दंशाची वेदना कित्येकदा जाणवतही नाही, म्हणून दुखत नाही एवढ्यावरून रुग्णास घरी ठेवणे धोक्याचे आहे.

एखाद्या घरी साप ठेवलेला आढळल्यास ग्रामसेवकाने तेथे दटावणीचा सूर लावू नये; तसे केल्यास साप लपविला जातो किंवा रातोरात मारला जातो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, आणि माणूस येईपर्यंत झाकण न उघडता डबा सावलीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवण्यास सांगावे. झाकणास हवेची भोके आहेत किंवा नाहीत हे बाहेरूनच पाहावे. साप नेल्यानंतर तो डबा धुऊन पुन्हा धान्यासाठी वा पाण्यासाठी वापरण्याचा मोह अनेकांस होतो. तो डबा टाकून द्यावा.