प्रौढ वयातील सीलिॲक आजार

सीलिॲक आजार हा ग्लूटेनमुळे उद्भवणारा स्वयंप्रतिकार विकार आहे. ग्लूटेन हे गहू, सातू (जव) व राय या धान्यांतील प्रथिन होय. आनुवंशिक प्रवणता असलेल्या व्यक्तीच्या आहारात ते आल्यास प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते आणि अन्नरस शोषणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. गव्हाची ॲलर्जी हा याहून वेगळा विकार आहे. गहू आणि या आजाराचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या आजाराचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, तर दक्षिण भारतात ०.१० टक्के आढळले.

== निदान ==
हा बालरोग असल्याचा समज अजून टिकून आहे. प्रत्यक्षात तो कोणत्याही वयात प्रकट होतो. प्रौढांत जुलाब असतातच असे नाही. लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा, सततचा थकवा, वंध्यत्व किंवा वारंवार गर्भपात एवढीच लक्षणे असू शकतात. त्यामुळे निदानास अनेकदा वर्षे लागतात. प्रथम रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे तपासतात व नंतर दुर्बिणीद्वारे आतड्याचा तुकडा काढून तपासला जातो. तपासणीपूर्वीच गहू सोडल्यास अहवाल फसवा येऊ शकतो.

== आहार आणि अहिल्यानगर जिल्हा ==
ग्लूटेन आजन्म वर्ज्य करणे हाच उपचार आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात त्यासाठी महागड्या डबाबंद पदार्थांची गरज क्वचितच भासते. जामखेड, कर्जत, श्रीगोंदा भागातील रब्बी ज्वारी, पाथर्डी-पारनेरची बाजरी आणि अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यातील भात, नागली व वरई ही सर्व धान्ये ग्लूटेनमुक्त आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ज्वारी-बाजरीचे अनेक वाण विकसित केले आहेत. वरई, साबुदाणा, राजगिरा हे उपवासाचे पदार्थही चालतात. खपली गहू मात्र 'देशी' असला तरी गहूच आहे आणि तो चालत नाही.

खरी अडचण धान्याची नसून दळणाची आहे. गिरणीत आधीच्या गव्हाचे पीठ दगडांत राहते आणि पुढच्या ज्वारीत मिसळते. घरघंटी केवळ ग्लूटेनमुक्त धान्यांसाठी राखून ठेवणे हा त्यावरील उपाय आहे. पोळ्यांची परात व पोळपाटही वेगळे लागतात. बाजारी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. थालीपिठाच्या भाजणीत गहू घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. लग्नाच्या पंगतीत किंवा सणाच्या पुरणपोळीला नकार देणे अनेकांना पथ्यापेक्षा जड जाते, कारण 'एका घासाने काय होते' हा आग्रह प्रेमाचा असतो. वारंवार पोटात जाणारे थोडे ग्लूटेनही आतड्यास इजा करते, त्रास जाणवला नाही तरीही. वेष्टनावर 'ग्लूटेनमुक्त' लिहिण्यासाठी भारतीय नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे.

पथ्य सुरू केल्यावर बरे वाटू लागण्यास काही आठवडे, तर प्रौढांत आतडे भरून येण्यास अनेकदा वर्षे लागतात. रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांना धोका अधिक असल्याने, लक्षणे नसली तरी त्यांचीही रक्ततपासणी सुचवली जाते.