पंथोजी रामजी सुभेदार

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, रामजी सुभेदारांच्या भिवाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. वर्गात तो घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे, आणि शिपाई जागेवर नसेल तर तसेच राहायचे. ही हकीकत त्याच भिवाने, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी, स्वतः लिहून ठेवली आहे. गोणपाटावर बसलेल्या या मुलाचे वडील चौदा वर्षे शाळेचे हेडमास्तर होते, ही गोष्ट मात्र आपण सांगतो ती ओझरती, चरित्राच्या पहिल्या दोन पानांत. रामजी मालोजी सकपाळ या शिक्षकावर स्वतंत्रपणे लिहायला हवे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

सकपाळांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगडच्या बाजूचे. कंपनी सरकारचा अंमल सुरू झाल्यापासून या घराने गावकीची कामे सोडून फौजेची वाट धरली. रामजींचे वडील मालोजी फौजेत होते. पत्नी भीमाबाई आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या, मुरबाडच्या. भिवंडी-कल्याणकडच्या वाचकांना हे नाते ठाऊक असायला हवे. मुरबाडकरांचे घरही लष्करीच होते. भीमाबाईंचे वडील सुभेदार-मेजर, आणि चुलतेही त्याच हुद्द्यापर्यंत चढलेले. मुंबई इलाख्याच्या फौजेत त्यांच्यासारखे महार शिपाई पिढ्यान् पिढ्या लढत आले होते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची, ‘नाक’ शेवटी असलेली नावे कोरेगावच्या स्तंभावर आजही वाचता येतात.

फौजेने या माणसांना पगार दिला आणि बंदूक दिली. शाळा दिली, हे त्याहून मोठे. कंपनीच्या काळात हिंदी शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण सक्तीचे होते, आणि त्यातून मुलीही सुटल्या नव्हत्या, असे बाबासाहेबांनी नोंदवले आहे. गावच्या शाळेची पायरी ज्यांना चढू दिली जात नव्हती, त्यांच्या मुली छावणीत पाटी घेऊन बसत होत्या. एका सरकारी खात्याने स्वतःच्या सोयीसाठी केलेली ही तजवीज होती. पण महाराष्ट्रातल्या अस्पृश्य समाजात लिहिता-वाचता, अर्ज करता येणारी पहिली मोठी फळी तयार झाली ती याच शाळांतून.

या शाळांना मास्तर पुरवण्यासाठी पुण्यात नॉर्मल स्कूल होते. रामजी तिथे शिकले, परीक्षा उतरले, पंथोजी झाले आणि पुढे लष्करी शाळेचे हेडमास्तर म्हणून त्यांनी चौदा वर्षे काढली. हुद्दा वाढत सुभेदारीपर्यंत गेला. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमराव जन्मले, तेव्हा घरात शिकवण्याचा पेशा असा मुरलेला होता.

त्यानंतर दोनएक वर्षांतच ते दार बंद झाले. कोण लढवय्या जातीचा आणि कोण नाही याची सरकारने नवी प्रतवारी लावली आणि महारांची भरती थांबवली. भरती गेली तसा पगार गेला, पुढे मिळणारी पेन्शन गेली आणि पोरांची छावणीतली शाळाही गेली. पेन्शनर शिपायांनी अर्ज केले. गोपाळबाबा वलंगकर त्यात पुढे होते. अर्जाचा मसुदा नीट व्हावा म्हणून रामजी न्यायमूर्ती रानड्यांकडे गेल्याचे चरित्रकार सांगतात. सरकार बधले नाही.

निवृत्तीनंतर रामजी आधी दापोलीला राहिले, मग साताऱ्याला आले. १८९६ च्या सुमारास तिथे भीमाबाई वारल्या. पुढे खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे रामजींनी कॅशियरची नोकरी धरली. हेडमास्तरकी केलेल्या या माणसाला बाहेरच्या जगात दुसरी शाळा मिळाली नाही. त्यांनी ती घरातच भरवली. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मुलाकडून पक्की करून घेतली. इंग्रजीत नेमका शब्द कोणता पडेल याबद्दल ते फार काटेकोर होते.

रामजी कबीरपंथी होते. घरात सकाळ-संध्याकाळ भजन, अभंग, दोहे होत आणि मुलांना चुकवता येत नसे. भीमरावांना रामायण-महाभारत वाचून दाखवावे लागे, ऐकायला शेजारपाजारची माणसेही येत. ज्या ग्रंथांत आपल्याला खालचे लेखले आहे ते कशासाठी वाचायचे, असा प्रश्न मुलाने केला. रामजींनी दिलेल्या उत्तराचा आशय बाबासाहेबांनी पुढे लिहिला: आपण अस्पृश्य आहोत, त्यामुळे मनात न्यूनगंड शिरण्याचा धोका आहे, आणि तो घालवायला हे ग्रंथ कामाचे आहेत. द्रोण आणि कर्ण साध्या स्थितीतून केवढे वर गेले ते पाहा. वाल्मीकी कोळी असून रामायण लिहून गेला. मुलाचे या उत्तराने समाधान झाले नाही, हेही त्यांनी लिहिले आहे. मला यात रामजींचे मास्तरपण दिसते. शिकणाऱ्याच्या मनाला कुठे मार बसणार हे त्यांनी ओळखले होते.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. तीतच चूल, सरपण, जाते आणि बांधलेली शेळी. मॅट्रिकच्या अभ्यासासाठी रामजींनी वेळ वाटून घेतली. भीमरावांनी लवकर निजायचे, रामजींनी जागायचे. पहाटे दोन वाजता ते मुलाला उठवीत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. मुलगा बिनकाचेच्या चिमणीपाशी वाचत बसे. पुस्तकाला पैसे नसले की रामजी मुंबईत सासरी असलेल्या लेकींकडे जात. एकीचा दागिना मारवाड्याकडे गहाण पडे आणि पेन्शन हातात आली की सोडवून परत दिला जाई. बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाबद्दल बोलताना या दोघी बहिणींचे, मंजुळा आणि तुळसा यांचे नाव क्वचितच घेतले जाते. ते घ्यायला हवे.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले. जुलैत भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले, आणि ४ ऑगस्टला त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. आईबाप जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे, कारण मुलांच्या आयुष्याला वळण आईबाप लावू शकतात, असे त्यांनी त्यात म्हटले होते. मुलांच्या बरोबरीने मुलींना शिकवले तर आपली प्रगती कितीतरी झपाट्याने होईल, आणि तुम्ही स्वतःच्या मुलीला शिकवून ते दाखवूनच दिले आहे, असेही त्यांनी त्या गृहस्थांना कळवले.