घटस्फोटाचा दावा आणि राहते घर

जळगाव व धुळे जिल्ह्यांत 'फारकत' आणि 'पाट' हे शब्द नवे नाहीत. अनेक जातींत रूढीने विवाहसंबंध तुटत आणि पुन्हा संसार मांडले जात. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २९ ने अशी रूढी राखून ठेवली आहे. मात्र ती न्यायालयात शाबीत करावी लागते. साक्री, शिरपूर वा चोपडा तालुक्यांतील अनुसूचित जमातींना केंद्र शासनाच्या अधिसूचनेखेरीज हा अधिनियम लागू होत नाही. ज्यांना तो लागू आहे, पण अशी रूढी नाही, त्यांचा विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतो.

'दावा लावला म्हणजे मोकळे झालो' असा समज करून घेऊन काही जण निकालापूर्वीच नव्या जोडीदारास राहत्या घरी आणू लागतात. हा समज चुकीचा आहे. हुकूमनाम्यापूर्वी केलेला दुसरा विवाह शून्य ठरतो व भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली शिक्षेस पात्र होतो. हुकूमनाम्यानंतरही अपिलाची ९० दिवसांची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते.

नुसते येणे-जाणे हा गुन्हा नव्हे. व्यभिचाराचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केले. तथापि विवाहबाह्य शरीरसंबंध हे घटस्फोटाचे कारण आजही आहे.

खरा प्रश्न घराचा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये सामाईक घरात राहण्याचा पत्नीस हक्क आहे, मग ते घर कोणाच्याही नावावर असो. ते सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी सामाईक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणून नव्या व्यक्तीस जागा करून देण्यासाठी पत्नीस परस्पर बाहेर काढता येत नाही. प्रसंगी दंडाधिकारी पतीस पर्यायी निवासाची किंवा भाड्याची सोय करण्याचा आदेश देऊ शकतात.

या काळात सर्वांत अधिक ओढाताण मुलांची होते. त्यांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी न्यायालय दावा चालू असतानाही अंतरिम आदेश देऊ शकते. घरी कोण येते, याची चौकशी शिक्षकांनी मुलाकडे करू नये. त्याची हजेरी व अभ्यास यांकडे लक्ष द्यावे.

पंचायत सदस्यांनी अशा कुटुंबाचा न्यायनिवाडा करू नये. बहिष्कार घालणे हा २०१६ च्या राज्य कायद्यान्वये गुन्हा आहे. पीडित स्त्रीस संरक्षण अधिकाऱ्यांकडे अथवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावे. तेथे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, वकील विनामूल्य मिळतो. निकाल लागेपर्यंत ते घर दोघांचे व मुलांचे आहे, एवढे गावाने ध्यानी ठेवले तरी अनेक तंटे टळतील.