गायीची द्वादशी, वाघाची बारस

(निवृत्त मंडळींसाठी आडवाटेवरचे एक पर्व)

आज आश्विन वद्य द्वादशी. दीपोत्सवाचा पहिला दिवा आज सायंकाळी गोठ्यात लागतो. सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालावयाचे, तिला हळदकुंकू वाहावयाचे, तिच्या मुखी घास द्यावयाचा, आणि आपण गव्हाचे व दुधातुपाचे पदार्थ वर्ज्य करून बाजरीची भाकरी व गवारीच्या शेंगांची भाजी खावयाची, हा अनेक घरांतील परिपाठ. शास्त्रकार या तिथीला गोवत्सद्वादशी म्हणतात, आपण वसुबारस म्हणतो. परंतु मनोरहून पालघरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील डोंगरखिंडीत याच तिथीला निराळे नाव आहे. तेथे आज वाघबारस आहे.

एकाच पंचांगातील एकाच तिथीस गावात गाय पुजली जावी आणि खिंडीत वाघ, यासारखे नवल दूर देशी सांगितले तर लोक तिकिटे काढून पाहावयास जातील. आपल्या उंबऱ्याशी असलेले हे नवल मात्र आपण एस.टी.च्या खिडकीतून पाहतो, हात जोडतो आणि पुढे जातो. प्रस्तुत लेखकही कित्येक वर्षे असाच पुढे गेला. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

निवृत्तांचे वानप्रस्थ

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली कार्यान्वित झाले. पुढे बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली. त्या दशकांत नोकरीनिमित्त या भागात आलेली पिढी आज साठी-सत्तरी ओलांडून बसली आहे. पाळीचा भोंगा थांबला, मुले मार्गी लागली, आणि सकाळी फिरून आल्यावर उरलेल्या दिवसाचे काय करावे हा प्रश्न उभा राहिला. मग ठरावीक सहली निघतात. बस भरते, चार दिवसांत सात देवस्थाने होतात, रांगेत उभे राहून पाय सुजतात आणि परतल्यावर कोणते दर्शन कोठे घेतले याचा घरात वाद होतो. मी या यात्रांची निंदा करीत नाही. मी स्वतः त्र्यंबकक्षेत्रीचा, यात्रेकरूंच्या पुण्याईवरच आमचा गाव चालतो. परंतु मनूने वानप्रस्थाचे जे वय सांगितले, म्हणजे केस पांढरे झाले, कातडी सुरकुतली आणि नातवाचे मुख पाहिले, त्या वयाला त्याने रान सुचविले होते, रांग नव्हे. आजच्या काळी रानात कायमचे जाणे शक्य नाही आणि इष्टही नाही. सकाळी जाऊन दिवेलागणीला घरी परतता येईल एवढे वानप्रस्थ मात्र पालघर-बोईसरच्या निवृत्ताला सहज साधण्याजोगे आहे.

बहुलेची कथा आणि एक प्रश्न

काही वर्षांपूर्वी मनोरजवळच्या एका गावी वसुबारसेला माझे कीर्तन होते. पूर्वरंगात सत्याचा महिमा आणि उत्तररंगात बहुला गायीचे आख्यान, हा माझा चाळीस वर्षांचा नेम. रानात बहुलेला वाघ गाठतो. ती म्हणते, ‘घरी तान्हे वासरू आहे. त्याला पाजून येते, मग मला खा.’ वाघ तिला सोडतो. ती वासराला पाजते, जावांच्या स्वाधीन करते आणि दिलेल्या शब्दासाठी परत येते. तिचे सत्य पाहून वाघ विरघळतो आणि तिला जीवदान देतो. या ठिकाणी श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते, हा माझा आजवरचा अनुभव.

कीर्तन संपले. बुक्का लावून घेण्यासाठी रांग लागली. त्या रांगेत एक वारली गृहस्थ होते, वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी वडील. त्यांनी कपाळ पुढे केले, नमस्कार केला आणि अगदी साधेपणाने विचारले, “बुवा, गाय घरी गेली, वासराला दूध मिळाले, हे बरे झाले. पण वाघ जेवला काय?”

भोवतालचे लोक हसले. मीही हसलो. ते मात्र हसले नाहीत. त्यांना उत्तर हवे होते, आणि माझ्यापाशी ते नव्हते.

त्या रात्री मी पुराणे मनात उलटीपालटी केली. आपल्या कथांत वाघ शेवटपर्यंत वाघ राहतच नाही. कोठे तो शापित राजा निघतो, कोठे सत्त्वपरीक्षा पाहावयास आलेला भगवंत. कालिदासाने ‘रघुवंशा’त नंदिनी धेनूवर सिंह घातला, तोही शंकराचा सेवक कुंभोदर, आणि सारा प्रकार नंदिनीची माया. उपाशी श्वापद असे तेथे कोणी नव्हतेच, म्हणून त्याच्या जेवणाची विवंचना कोणाला पडली नाही. रानात राहणाऱ्या माणसाला ती पडते, कारण त्याच्या दारी येणारा वाघ खराच वाघ असतो.

निरोप घेताना ते गृहस्थ एवढेच म्हणाले होते, “पुढल्या बारशीला खिंडीत या.”

वाघोबाच्या खिंडीत

पुढच्या वर्षी पालघर-बोईसरचे आम्ही दहा जण गेलो. कोणी कारखान्यातून निवृत्त झालेले, कोणी शाळेतून, आणि दोघी भगिनी अशा की ज्यांची स्वयंपाकघरातून निवृत्ती कधी होतच नाही. मनोरहून पालघरकडे वीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. पालघर जवळ आले की तो डोंगर चढतो. हीच वाघोबा खिंड. पावसाळ्यात येथे धबधबा पाहावयास तरुणांची झुंबड उडते. एरवी वानरे कठड्यावर बसलेली असतात आणि येणारे-जाणारे वाहनचालक क्षणभर थांबून वाघोबाला नमस्कार करतात.

वाघबारसेला येथे आजूबाजूच्या पाड्यांवरचे आदिवासी बांधव जमतात. शेंदूर लावलेला वाघोबा, नारळ, अगरबत्तीचा धूर, भगताचे शब्द, आणि कोंबड्याचा किंवा बकऱ्याचा नैवेद्य. आमच्यातील एक सद्गृहस्थ, जन्माचे शाकाहारी, बळी पाहून अस्वस्थ झाले. “बुवा, यांना चार शब्द सांगा,” असे म्हणू लागले. मी सांगावयास पुढे झालोही. परंतु बळीविषयी बोलण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून भगतांना आमचे शास्त्र ऐकवू लागलो की वाघ हे देवीचे वाहन, त्या नात्याने त्याची पूजा योग्यच आहे. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, “असेल. तुमची देवी वाघावर बसते. आमचा वाघच देव आहे.” आयुष्यभर पाठ केलेली शास्त्रवचने मी त्या क्षणी मुकाट्याने झोळीत परत ठेवली.

मग सावलीला बसून आम्ही त्यांची कथा ऐकली. गावोगाव तिचे पाठ निराळे आहेत, गाभा एक. एका कुमारिकेला मूल झाले. ते वाघाचे रूप घेई. वाढता वाढता ते गावातील कोंबड्या आणि गुरे खाऊ लागले. गाव चिडला, मुलाच्या जिवावर उठला. तेव्हा आईने दोघांत करार घडविला. मुलाने रानात राहावे, गावाने त्याचे ठाणे मांडावे, वर्षातून एकदा त्याला मानाचा घास द्यावा, आणि त्याने गुरामाणसांना सांभाळावे. या कथेत वाघाला शाप नाही आणि उःशापही नाही. तो वाघच राहतो, आणि जेवतो. माझ्या श्रोत्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खिंडीत अशा रीतीने दरवर्षी दिले जाते.

बळी मला आजही पाहवत नाही, आणि मी तो करणारही नाही. परंतु गोठ्यातील गाय सुखरूप राहावी म्हणून रानातील वाघाचाही वाटा मान्य करणारी ही बुद्धी अडाणी नव्हे, एवढे मी तेथे शिकलो. उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला हेच समजावतो की वाघावाचून वन टिकत नाही आणि वनावाचून वाघ टिकत नाही, दोघे एकमेकांचे रक्षण करतात. आम्ही ते संस्कृतात पाठ केले, यांनी त्याचा सण केला.

आणि हा सण केवळ जुन्या आठवणीचा नाही. पट्टेरी वाघ या डोंगरांतून ओसरला, तरी बिबट्या आहे, आणि येथील बोलीत दोघेही वाघच. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांतील वाघोबाच्या ठाण्यांचा वन्यजीव-अभ्यासकांनी केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दीडशेहून अधिक ठाण्यांची नोंद आहे. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. २०२४ च्या ३० ऑगस्टला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. द्रुतगती मार्ग आणि वेगवान रेल्वे यांची कामेही याच जिल्ह्यातून चालली आहेत. रस्ते आणि रूळ हवेतच. पण डोंगर पोखरताना ‘वाघ जेवला काय?’ असे विचारणारे कोणी तरी शिल्लक असावे.

वर्षाची आणखी दोन पर्वे

एकदा ही वाट सापडली की निवृत्ताचे वर्ष पुरत नाही. होळीनंतर मोखाडा-जव्हारच्या बाजूस बोहाडे सुरू होतात आणि वैशाखापर्यंत गावोगाव चालतात. संबळाच्या ठेक्यावर, मशालींच्या उजेडात, देवदैत्यांचे मोठाले मुखवटे धारण करून सोंगे नाचत येतात. आधी गणपती, मग शारदा, आणि रात्र सरता सरता देवी महिषासुराला मारते. मुखवट्याचा मान घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालतो. नाचणारा दिवसा शेतकरी किंवा मजूर असतो, रात्री देव. हे रात्रीचे जागरण झेपावे म्हणून दुपारी झोप काढून जावे, अंगावर शाल असावी, औषधाच्या गोळ्या खिशात असाव्यात आणि मुक्कामाची सोय आधी करून ठेवावी.

चैत्री पौर्णिमेपासून सुमारे पंधरवडाभर चारोटीजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते. वाघाडी गावचा आदिवासी पुजारी मध्यरात्री ध्वज घेऊन मुसळ्या डोंगराचा अवघड सुळका चढतो. आपण तो चढू नये. आपल्यासाठी याच देवीची दुसरी आख्यायिका आहे. नेमाने डोंगर चढणारी एक आदिवासी स्त्री गरोदरपणी थकून वाटेतच बसली. देवी तिला म्हणाली, तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून देवीचे देऊळ पायथ्याशी आहे. गुडघे थकलेल्या भाविकाला याहून मोठे आश्वासन कोणते?

प्रवासाची चिंता नसावी. एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावतात. एस.टी.त पासष्ट ते पंचाहत्तर वयाला तिकीट अर्धे आहे, आणि २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील प्रवास विनामूल्य आहे.

पाहुण्याचा धर्म

एकच विनंती. हे सण आपल्या करमणुकीसाठी मांडलेले नाहीत. आमच्यातील एकाने पहिल्याच वर्षी, न विचारता, पूजेला बसलेल्या एका बाईंचे छायाचित्र घेतले. त्यांनी पदर ओढून पाठ फिरविली आणि आम्हा दहाही जणांच्या माना खाली गेल्या. तेव्हापासून आम्ही नेम केला आहे की विचारल्याविना छायाचित्र घ्यावयाचे नाही, न विचारता उपदेश करावयाचा नाही, देवापुढे नारळ ठेवावयाचा आणि मागे बसावयाचे. तारपा वाजत असेल तर पाहावे. भोपळ्याच्या त्या वाद्यामागे हातात हात गुंफून फेर धरणारी तरुण मंडळी म्हाताऱ्यांनाही हसत ओढून घेतात. ओढले तर जावे, आपण होऊन घुसू नये.

आमच्या त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावलेली वैतरणा मनोरच्या मुलखातून समुद्राकडे जाते. पुराणांतील वैतरणी नदी गायीचे शेपूट धरून तरावी लागते, म्हणून गोदान सांगितले आहे. ती वेळ येईल तेव्हा येईल. तोवर ही खरीखुरी वैतरणा एस.टी.ने ओलांडावी आणि पलीकडे कोण राहते ते डोळे भरून पाहावे.

बहुलेचे आख्यान मी आजही लावतो. मात्र शेवट पूर्वीचा नाही. गाय घरी पोचली की मी वीणेकऱ्याला क्षणभर थांबवितो आणि श्रोत्यांना विचारतो, ‘आता सांगा, वाघ जेवला काय?’ गावातील श्रोते एकमेकांकडे पाहतात. गेल्या वेळी मात्र मागच्या रांगेतून ओळखीच्या आवाजात उत्तर आले, “जेवला, बुवा. खिंडीत जेवला.”

आज सायंकाळी गोठ्यात दिवा लावाल तेव्हा एक दिवा डोंगराच्या दिशेनेही दाखवा. गाय-वासरू सुखी राहो. रानातील धनीही उपाशी न राहो.