निळा उजेड मोजावा लागतो

एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, शिरताना चपला बाहेर राहतात, हात कोपरापर्यंत धुवावे लागतात आणि माझी हत्यारांची बॅग दाराशीच थांबते. लागतील तेवढे स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टिमीटर स्पिरिटने पुसून ट्रेमध्ये घ्यायचे आणि आत जायचं. कोकणातल्या एका जिल्हा रुग्णालयात मी १४ वर्षं बायोमेडिकल इंजिनिअर आहे. दिवसाची पहिली फेरी अजूनही याच खोलीत मारतो. इथली मशिन्स चोवीस तास चालू असतात, आणि इथल्या पेशंटला ‘गार लागतंय’ एवढंही सांगता येत नाही.

त्या सकाळी सिस्टर वाटच पाहत होत्या. “सर, तीन नंबरचा फोटो बघा ना. लाइट लागतोय, पण बाळाची कावीळ उतरेना. कालचा आणि आजचा रिपोर्ट जवळजवळ तोच.”

फोटो म्हणजे फोटोथेरपी. बाळाच्या त्वचेवर निळा प्रकाश पडला की कावीळ आणणाऱ्या बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर टाकणं सोपं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं ते बाळ निळ्या उजेडात झोपलं होतं. उजेड भरपूर दिसत होता. कोणीही म्हटलं असतं, मशीन चालू आहे.

मी फ्लक्समीटर काढला. मोबाइलएवढं यंत्र, त्याला वायरने जोडलेला रुपयाएवढा सेन्सर. तो बाळाच्या पोटाच्या पातळीवर धरला. आकडा आला १३. कावीळ जास्त असेल तेव्हा हा आकडा किमान ३० लागतो. बाळाला निम्म्याहूनही कमी औषध मिळत होतं, आणि हे खोलीतल्या कोणाच्याही डोळ्यांना कळणं शक्य नव्हतं.

कारणं दोन निघाली. रात्री रक्त घेताना हाताला जागा हवी म्हणून दिव्याचं डोकं कोणीतरी वर सरकवलं होतं, ते तसंच राहिलं. खाली आणल्यावर आकडा २० वर गेला. दुसरं कारण ट्यूबचं. सीएफएल ट्यूब शेवटपर्यंत निळीच दिसते, पण तिच्यातला उपयोगाचा प्रकाश घटत जातो. कंपनीने सांगितलेले तास भरले की ती लागत असली तरी बदलायची असते. स्टोअरमधून नवा संच आणला, वरची काच आतून-बाहेरून पुसली, पुन्हा सेन्सर धरला. ३७. सिस्टरांनी केसपेपरवर वेळ आणि आकडा लिहून घेतला. सगळ्याला चाळीस मिनिटं लागली.

आमचं काम या चाळीस मिनिटांत सामावलेलं आहे. मशीन चालू असणं आणि मशीन बरोबर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर कोणीतरी मोजल्याशिवाय कळत नाही.

शेजारच्या वॉर्मरचंही तसंच. बाळाच्या पोटावर चिकटवलेला छोटा प्रोब त्वचेचं तापमान घेतो आणि त्यावरून वरचा हीटर कमी-जास्त होतो. प्रोबची चिकटपट्टी सुटली तर तो बाळाऐवजी हवेचं तापमान घेऊ लागतो. मशीनला वाटतं बाळ गार पडलंय, आणि हीटर वाढत जातो. म्हणून मी रोज प्रोब, अलार्म आणि वायर बघतो, आणि प्रत्येक प्लगला उलटा हात लावून तो तापलाय का ते पाहतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूला आग लागली आणि १० बाळं गेली. महाराष्ट्रात या कामात असलेल्या कोणालाही ती तारीख सांगावी लागत नाही.

कोकणात आमचा अर्धा लढा हवेशी असतो. पावसाळ्यात सर्किट बोर्डावर हिरवट गंज धरतो. स्टॅबिलायझरच्या उबेला पाल येऊन बसते आणि शॉर्ट होतं. उंदीर ईसीजीच्या केबल कुरतडतात. वीज गेली आणि आली की दर खेपेला एखादा पॉवर सप्लाय उडतो. यातलं बरंचसं काम मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि ब्रशवर भागतं.

त्याच दुपारी स्टोअरमधले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तपासले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, लोकांनी कळकळीने दिलेली ही मशिन्स. काहींवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. एक चालू केलं. कॉम्प्रेसरची घरघर सुरू झाली, फ्लोमीटरमधली गोळी पाच लिटरवर आली, नळीतून वारा येऊ लागला. ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लावला तर शुद्धता ६८ टक्के. चांगलं मशीन ९० च्या पुढे देतं.

या मशीनच्या पोटात झिओलाइट नावाच्या दाण्यांचे दोन डबे असतात. दाबाखालची हवा त्यांतून गेली की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. एक डबा काम करत असताना दुसरा धरलेला नायट्रोजन सोडतो. तो दर काही सेकंदांनी येणारा फुस्स आवाज त्याचाच. पण या दाण्यांना पाणी नायट्रोजनहूनही प्रिय. मशीन महिनोन् महिने बंद पडून राहिलं की दाणे दमट हवेतला ओलावा पितात, आणि मग नायट्रोजनला जागा उरत नाही. मशीन नवं कोरं, एकाही पेशंटला न लावलेलं, आणि तरी निकामी. अधूनमधून चालवत राहिलं असतं तर ते टिकलं असतं. पण कोणी, कधी चालवायचं, हे देताना कोणी ठरवलं नव्हतं आणि घेतानाही नाही.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रॉबर्ट माल्किन आणि लोरा पेरी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपुऱ्या साधनांच्या १६ देशांतल्या १ लाख १२ हजार उपकरणांच्या नोंदी पाहिल्या. त्यातली ३८ टक्के बंद होती. त्याच्या आदल्या वर्षी माल्किन यांनीच सुमारे २,८०० दुरुस्त्यांचा हिशेब मांडला होता. त्यातून दिसलं की ६६ टक्के बिघाड परदेशी सुटे भाग न मागवता, साध्या कौशल्यावर दुरुस्त होऊ शकतात. वीज, पाइप, मोटर, साफसफाई आणि वापरणाऱ्याला नीट शिकवणं. मी तो लेख वाचला तेव्हा माझीच वही कोणीतरी छापल्यासारखं वाटलं.

उरलेल्या एक तृतीयांशात मात्र माणूस अडतो, आणि तिथेच मोठा बाजार उभा आहे. मशीन विकून व्यवहार संपत नाही. वॉरंटी संपली की एएमसी किंवा सीएमसी, म्हणजे देखभालीचा करार, येतो. एएमसीत येणं-जाणं आणि मजुरी. सीएमसीत सुटे भागही. सीटी स्कॅनची ट्यूब, एमआरआयचा हीलियम, अल्ट्रासाउंडचा प्रोब यांच्या किमती ऐकल्या की सीएमसीचं महत्त्व कळतं. जीई हेल्थकेअरसारख्या जगातल्या मोठ्या कंपनीच्या २०२३ च्या साधारण १९.५ अब्ज डॉलरच्या उत्पन्नात सुमारे एक तृतीयांश वाटा सेवेचा होता. यात गैर काही नाही. कुशल माणूस, अस्सल भाग आणि वेळेवर हजेरी यांचे पैसे पडणारच.

माझी तक्रार वेगळी आहे. एकदा आमच्या व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन सेल संपला. हा सेल बॅटरीसारखा असतो, ठरावीक काळाने संपतोच. नवा सेल माझ्याकडे होता. मी तो बसवलासुद्धा. पण त्यानंतरचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप अचूक जुळवणं, सर्व्हिस मेन्यूतून करायचं होतं आणि मेन्यूला पासवर्ड होता. कंपनीचा माणूस शहरातून यायला चार दिवस लागले. त्याने लॅपटॉप जोडला आणि दहा मिनिटांत काम संपवलं. त्या चार दिवसांत दोन पेशंट आम्हाला पुढे, मोठ्या शहरात पाठवावे लागले.

‘बाहेरच्या माणसाने हात लावला तर पेशंटला धोका’ असं यावर सांगितलं जातं. अमेरिकेच्या एफडीएने हा प्रश्न तपासून २०१८ मध्ये अहवाल दिला. कंपनीबाहेरचे अनेक दुरुस्तीकारही दर्जेदार आणि सुरक्षित काम करतात, आणि त्यांच्यावर सरसकट नवे निर्बंध घालण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मे २०२० मध्ये, करोनात मशिन्स अडू लागली तेव्हा, आयफिक्सिट या अमेरिकी कंपनीने ग्रंथपाल आणि स्वयंसेवकांच्या मदतीने हजारो वैद्यकीय उपकरणांची सर्व्हिस मॅन्युअल्स सर्वांसाठी खुली केली. त्यातलं एक मीही वापरलं आहे.

आपल्याकडे चांगली सुरुवात झाली आहे. सरकारी उपकरणांच्या पाहणीत राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के बंद आढळल्यावर, २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देखभालीचा स्वतंत्र कार्यक्रम आखला. उपकरणांवर क्रमांक आले, तक्रारीसाठी फोन नंबर आला, आणि जिल्हा रुग्णालयातली उपकरणं ९५ टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत असं बंधन आलं. आधी बंद मशीनवर चादर टाकली जायची. आता कॉल लॉग होतो. पण ‘चालू’ असा शेरा मारताना कोणी मोजलं का, हे त्या टक्क्यात दिसत नाही. तीन नंबरचा फोटो त्या सकाळी कागदावर शंभर टक्के चालूच होता.

म्हणून खरेदी करणाऱ्यांना माझं सांगणं आहे: सर्व्हिस मॅन्युअल, पासवर्ड, आमचं प्रशिक्षण आणि पुढच्या पाच वर्षांची सीएमसी हे सगळं निविदेतच मागून घ्या. एकदा मशीन दाराच्या आत आलं की मागण्याची ताकद संपते.

आणि वाचकहो, तुमचं मंडळ किंवा तुमचं कुटुंब एखाद्या दवाखान्याला मशीन देणार असेल, तर एक मशीन कमी द्या, पण दिलेल्या मशीनच्या देखभालीचे पैसे सोबत द्या. रुग्णालयात गेलात तर मशीनच्या कडेला छोटं स्टिकर असतं. कॅलिब्रेशन कधी झालं आणि पुढचं कधी, या दोन तारखा त्यावर असतात. दुसरी तारीख उलटून गेली असेल तर सिस्टरांना शांतपणे विचारा. त्या रागावणार नाहीत. त्या मला फोन करतील, आणि मी मीटर घेऊन येईन.